डाव्या हाताचं कौतुक

१

रविवार, दुपारी चार. संगीत मंडळाच्या इमारतीतलं वरच्या मजल्यावरचं सभागृह. खुर्च्या भरलेल्या, पडदे ओढलेले, व्यासपीठावर माणसाएवढी उंच, उभ्या तारांची एक हार्प आणि तिच्यामागे एक स्टूल. कार्यक्रम अठराव्या शतकातल्या पाश्चात्त्य रचनांचा. एकल वादन, साथीला कोणी नाही.

थोरली नेहमीप्रमाणे डावीकडच्या टोकाच्या खुर्चीत बसली होती. वर्तमानपत्रात संगीतावर लिहिता लिहिता तिचे केस पांढरे झाले होते, आणि तिचं लिहिलेलं वाचून इतर कितीतरी जणांचे. कचेरीत तिला ‘कात्री’ म्हणत, तोंडावरसुद्धा. आजची वादक तिची सख्खी धाकटी बहीण होती, पण त्यावर कुणी भुवई उंचावली नव्हती. उलट संपादकच म्हणाले होते, “तूच लिही. बहिणीला झुकतं माप दिलंस असं तुझे शत्रूही म्हणणार नाहीत.” धाकटीच्या पहिल्याच जाहीर वादनावर थोरलीने असं काही लिहिलं होतं की आई तिच्याशी बरेच दिवस बोलली नव्हती.

गेल्या वर्षी मोटारीच्या दारात धाकटीचा डावा हात चिरडला. हाडं जुळली, पण बोटांत जीव परतला नाही. अंगठा आणि तर्जनी तेवढी तिची राहिली. बाकीची नुसती हाताला लागलेली. हार्पवर डाव्या हाताकडे खालच्या, जाड, लांब तारा असतात. तो हात गेला की घराचा पायाच गेला. डॉक्टर म्हणाले, छंद म्हणून वाजवा. माणसाचं आयुष्य एका वाक्यात मोडीत काढायची त्यांची ही पद्धत. मग मंडळाने आपली जुनी हार्प दिली, सरावाला मागची खोली दिली, आणि धाकटी पुन्हा वाजवू लागली. आज हात चालला तर ती वादक. नाही चालला तर जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना सूर ओळखायला शिकवायचं.

धाकटी आली, स्टुलावर बसली. उभी हार्प तिने मागे कलवून उजव्या खांद्यावर घेतली आणि वाजवायला सुरुवात केली.

हे संगीत दिवाणखान्यासाठी लिहिलेलं. त्यात गर्दी नसते. एक सूर, मग मोकळी जागा, मग दुसरा सूर. चूक लपवायला कुठे आडोसा नाही. पहिल्या रचनेच्या पहिल्या पानातच थोरलीच्या लक्षात आलं की लपवण्यासारखं काही नाहीच. उजवा हात नेहमीचा, स्वच्छ, थोडा घाई करणारा. आणि डावा हात उत्तम. नुसता बरा नव्हे. अपघाताआधीही तो इतका चांगला नव्हता. खालचे सूर वजनदार येत होते, गोल येत होते, उजव्या हाताच्या घाईला मागून धरून ठेवत होते. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते लगेच पुसलं. पाणी आलं की दिसत नाही, आणि तिला बघायचं असतं.

म्हणून तिला ते दिसलं.

हार्पची तार छेडली की वाजतच राहते. थांबवायची तर वादकाला तिच्यावर तळहात टेकवावा लागतो. संथ भागात धाकटीने अगदी खालचा एक सूर छेडला. तो घुमला. तो थांबवायला तिने डावा तळहात पुढे नेला. तळहात तारांपासून अजून वीतभर दूर होता, तेव्हाच सूर थांबला. कापल्यासारखा. मग तळहात जाऊन तारांवर टेकला.

पडदे जाड आहेत, थोरलीने स्वतःला समजावलं. आवाज खातात. शिवाय आपलं वय झालं, डोळा आणि कान एकमेकांना सोडून चालतात.

पुढच्या ओळीत पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्या ओळीतही. दर वेळी आधी शांतता, मग हात.

२

मध्यंतरात मंडळाच्या कार्यवाहांनी तिला दारातच गाठलं. गोल चेहऱ्याचा, कायम कुणाचं तरी अभिनंदन करत असलेला माणूस.

“काय मॅडम, आज कात्री बोथट झाली का नाही?”

“अजून अर्धा कार्यक्रम बाकी आहे.”

“अहो, तो डावा हात! दगडाला पाझर फुटेल. मी तर पहिल्यापासून म्हणतोय. डॉक्टर काय, काहीही बोलतात.”

त्यांना तिथेच सोडून थोरली मागच्या खोलीत गेली. धाकटी खुर्चीवर बसली होती, डावा हात कोपरापर्यंत गरम पाण्याच्या पातेल्यात. पाण्यातून वाफ निघत होती. थोरलीने वाकून तो हात धरला आणि पटकन सोडला. पाणी चटका देत होतं आणि आतला हात गारठलेला होता.

“ताई,” धाकटी म्हणाली, “आज रात्री जे लिहिशील त्यात या हाताचं नाव काढू नकोस.”

“का? चांगला चाललाय.”

“मी नाही चालवत तो.”

“मग कोण, तुझी मावशी?”

“थट्टा नको गं.” धाकटीचा आवाज अगदी साधा होता, दुकानात काय संपलंय ते सांगावं तसा. “उन्हाळ्यात सराव करताना खालचा एक सूर हुकला माझा. बोट तारेपर्यंत पोचलंच नव्हतं. पण सूर वाजला. मला वाटलं, हात सुधारतोय. रडले मी आनंदाने. तेवढ्यात कार्यवाह दारात उभे. म्हणाले, वा, काय डावा हात आहे! दुसऱ्या दिवशी माझी तर्जनी गेली. टाचणी टोचली तरी कळेना. मग ते चार सभासदांना घेऊन आले ऐकवायला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. अंगठा गेला. आणि वादन मात्र दर वेळी आणखी सुधारलेलं.”

“डॉक्टरांना सांगितलंस?”

“त्यांनी वायरी लावून तपासलं. म्हणाले, नसा ठणठणीत आहेत, तुम्ही दमला आहात.”

“आणि आत्ता?”

“आत्ताच्या टाळ्यांत मनगट गेलं.”

थोरलीच्या धंद्यात माणसं नाही नाही ते सांगतात आणि तिने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारलेला असतो. तोच तिने विचारला. “मग सोडून का देत नाहीस?”

धाकटीने मान खाली घातली. “इतकं चांगलं मी कधी वाजवलं नव्हतं, ताई. तूच सांग, वाजवलं होतं?”

थोरलीला खोटं बोलता आलं नाही, म्हणून ती गप्प बसली.

“सभागृहात दोनतीनशे माणसं. तुझा पेपर किती हजार लोक वाचतात? वाईट लिही. तुला सवय आहे. नाहीतर काहीच लिहू नकोस. उजवा हात तेवढा राहू दे मला.”

बाहेर घंटा झाली. धाकटीने उजव्या हाताने डावा हात पातेल्यातून उचलून काढला, ओला टॉवेल उचलावा तसा, आणि पुसला.

३

उत्तरार्धात एकच मोठी रचना होती. एक साधी चाल, आणि मग तिचीच पुन्हा पुन्हा बदलत जाणारी रूपं. अशा रचना थोरलीला आवडत. एकच चेहरा वेगवेगळ्या खिडक्यांतून बघितल्यासारखं वाटतं, असं ती म्हणायची.

तिने मनाशी ठरवलं होतं की चूक शोधायची. धाकटी दमली आहे, घाबरली आहे, वर्षभर एका खोलीत एकटी सराव करून तिच्या डोक्यात काहीबाही भरलं आहे. तिच्या हाताची एक चूक जरी सापडली, तरी हात तिचाच आहे हे सिद्ध होईल. आयुष्यात पहिल्यांदा कात्री बहिणीची चूक व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसली होती.

चूक झाली नाही. चाल गंभीर झाली, मग तिचे सूर विरळ झाले. खालच्या तारा एकेक पाऊल टाकत उतरू लागल्या. त्या वेळी धाकटीने मान वळवून सरळ थोरलीकडे बघितलं आणि डावा हात तारांवरून काढून मांडीवर ठेवला.

खालचे सूर उतरत राहिले.

थोरलीने झटकन सभागृहाकडे बघितलं. कुणीतरी किंचाळेल, कुणीतरी उभं राहील असं तिला वाटलं. पण सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. पहिल्या रांगेतले कार्यवाह, त्यांच्यामागचे सभासद, त्यांच्या बायका, सगळेच मान किंचित तिरपी करून, डोळे मिटून ऐकत होते. जाणकार माणसं अशीच ऐकतात. आपल्याला कळतं हे शेजाऱ्याला कळावं म्हणून डोळे मिटायचे. थोरलीने या सवयीची कितीदा टर उडवली होती. आज तिला त्यांच्या पापण्या ओढून उघडाव्याशा वाटल्या.

तिने पुन्हा तारांकडे बघितलं. शेवटचा सूर घुमला आणि थांबला. थांबला त्या क्षणी खालच्या तारा किंचित आत दबल्या, धाकटीच्या दिशेने. पलीकडच्या बाजूने कुणी तळहात टेकवल्यासारख्या. बराच वेळ त्या तशाच दबलेल्या राहिल्या.

मग टाळ्या झाल्या, आणि लोकांनी डोळे उघडले.

४

सोमवारचं पान रविवारी संध्याकाळीच लागतं. थोरली सहाच्या सुमारास कचेरीत पोचली तेव्हा तिच्यासाठी जागा रिकामी ठेवलेली होती.

तिने लिहिलं. जे दिसलं ते लिहायचं, जे ऐकलं ते लिहायचं, हा तिचा बाणा. त्यापायी तिने मित्र गमावले, एक नवरा गमावला. आणि आज ती डावा हात सोडून बाकी सगळ्याबद्दल लिहीत होती. रचनांबद्दल लिहिलं, पडद्यांबद्दल लिहिलं, उजव्या हाताच्या घाईबद्दल नेहमीसारखं खडसावून लिहिलं. मजकूर वाचून तिला स्वतःची लाज वाटली. वाईट लिहिणं तिला जमलं असतं, पण त्या हाताला वाईट म्हणणं म्हणजे सरळ खोटं. आणि गप्प बसणं? ते खोटं नव्हे, असं तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या कुणी हा बचाव केला असता तर तिने त्याची सालटी काढली असती.

मजकूर तिने उपसंपादकाच्या हवाली केला. त्याला सगळे गुरुजी म्हणत, कारण तो प्रत्येकाच्या मजकुरात ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायचा.

“एवढाच?” गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं.

“एवढाच. आणि एका शब्दाला हात लावू नका.”

“तुमच्या मजकुराला हात लावून मला काय मरायचंय?”

थोरली घरी गेली. दमलेली होती. एक गोष्ट ती विसरली, आणि अशी गोष्ट फक्त वर्तमानपत्रातलाच माणूस विसरू शकतो, कारण त्याला ती इतकी अंगवळणी पडलेली असते. मजकूर लेखकाचा असतो. मथळा लेखक देत नाही.

५

सकाळी दारातला अंक तिने उचलला. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात धाकटीचं छायाचित्र होतं. त्यावर जाड अक्षरांत मथळा: ‘डाव्या हाताला तोड नाही!’

तिने गुरुजींना फोन लावला. ते खुशीत होते. “बहिणीचं कौतुक करायला लाजलात, म्हणून आम्ही केलं. कार्यवाहांना विचारून घेतलं. सगळं शहर त्या हाताबद्दल बोलतंय आणि तुम्ही अवाक्षर नाही! असं असतं का कुठे?”

तिने फोन ठेवला आणि तशीच निघाली.

धाकटी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. अंक तिच्यासमोर उघडा होता. उजव्या हातात कॉफीचा कप.

“खांद्यापर्यंत,” ती म्हणाली. बस, एवढंच.

“मथळा मी नाही दिला गं. मी एक शब्द लिहिला नव्हता.”

“वाचलं मी. उजव्या हाताला झापलंयस.” धाकटी थोडीशी हसली. “बरं केलंस. म्हणून तो अजून इथे आहे.”

टेबलावरचा फोन वाजला. थोरलीने उचलला. कार्यवाह होते.

“कोण, मॅडम का? बरं झालं. बाईंना निरोप द्या, उद्यापासून खोलीचं दार जरा उघडं ठेवा म्हणावं. आम्ही सगळे जिन्यात उभं राहून ऐकतोय.”

“काय ऐकताय?”

“अहो, काय म्हणजे? बाईंचा सराव. एवढ्या सकाळी येऊन बसल्यात. याला म्हणतात निष्ठा!”

थोरलीने फोन कानाशी घट्ट दाबला. कार्यवाहांच्या आवाजामागे हार्प वाजत होती. कालचीच चाल होती. खालचे सूर होतेच, पण वरचेही होते. आणि वरच्या सुरांत अजिबात घाई नव्हती.

“ती इथे माझ्यासमोर बसली आहे,” थोरली म्हणाली.

“काहीतरीच तुमचं.”

“दार उघडा आणि आत बघा. आणि तोंडातून एक शब्द...”

“शू, शू, ऐका ऐका! आता दोन्ही हात ऐका! वा! वा रे वा!”

तिच्यामागे कप फरशीवर पडून फुटला.

ती वळली. धाकटी आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. हात टेबलाच्या कडेवर पडला होता, बोटं अजून कप धरल्यासारखी वळलेली.

मंडळापर्यंत थोरली कशी पोचली ते तिला आठवत नाही. जिन्यात माणसं होती, कारकून, झाडूवाली, शिकवणीला आलेल्या दोनतीन बायका. सगळे कठड्याला टेकून, डोळे मिटून उभे. त्यांना ढकलत ती वर गेली. मागच्या खोलीच्या दाराला डोक्याच्या उंचीवर एक काच होती. थोरलीने टाचा उंचावून काचेला कपाळ टेकवलं.

खोलीत उजेड होता. स्टुलावर कुणी नव्हतं, पण त्यावरची गादी मध्ये दबलेली होती. आणि हार्प कललेली होती. वाजवणाऱ्याच्या खांद्यावर असते तशी, मागे झुकलेली. एवढी जड वस्तू आधाराशिवाय त्या कोनात क्षणभरही राहत नाही, धाडकन कोसळते. ती कोसळत नव्हती. तारांच्या पलीकडे भिंत होती, आणि भिंतीवर एका ठिकाणी उजेड पोचत नव्हता.

तिच्या श्वासाने काचेवर वाफ धरली. आतलं वादन मध्येच थांबलं. सगळ्या तारा एकाच क्षणी गप्प झाल्या, खालच्या आणि वरच्याही.

थोरलीच्या मागे कार्यवाहांनी टाळ्यांसाठी हात उचलले. तिने त्यांची दोन्ही मनगटं धरली आणि सोडली नाहीत. पण जिन्यातल्या लोकांची मनगटं धरायला तिच्याकडे हात नव्हते.

६

रुग्णालयाने धाकटीच्या सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या. नसा ठणठणीत. तरुण डॉक्टरीणबाई थोरलीला बाजूला घेऊन म्हणाल्या, “हे मनाचं असतं. जवळच्या माणसांनी धीर द्यायचा, कौतुक करायचं.”

पुढच्या रविवारी मंडळात धाकटीचाच दुसरा कार्यक्रम ठरलेला होता. तो रद्द करा म्हणून थोरली स्वतः जाऊन सांगून आली. कार्यवाह म्हणाले, “बघतो.” ती ओरडली. तेव्हा म्हणाले, “समितीपुढे ठेवतो.” समितीने काय केलं ते तिला कुणी कळवलं नाही.

त्या रविवारी दुपारी ती धाकटीच्या खाटेशी बसली होती. धाकटीचे दोन्ही हात पांघरुणावर होते, गार. पण बोलत मात्र ती चांगली होती. आईच्या त्या अबोल्यावरून दोघी खूप हसल्या.

“तेव्हा बरोबर लिहिलं होतंस तू,” धाकटी म्हणाली. “भिकार वाजवलं होतं मी. पण माझं होतं.”

“पुढेही तुझंच असेल.”

“हो ना? भिकार का असेना...” आणि ती थांबली. दाराकडे बघू लागली. दारात कुणी नव्हतं.

“काय झालं?”

“ताई, सगळे उभे राहिलेत गं,” ती म्हणाली.

त्यानंतर धाकटी बोललेली नाही. तिचे डोळे उघडे असतात, घास भरवला तर गिळते. थोरली समोर आली की नजर तिच्या पलीकडे कुठेतरी असते, कुणीतरी वाजवायला सुरुवात करेल याची वाट बघितल्यासारखी.

त्या रविवारी कार्यक्रम झाला. दुसऱ्या वर्तमानपत्राच्या समीक्षकाने भरभरून लिहिलं: असं वादन या शहराने ऐकलं नव्हतं, लोक शेवटी उभे राहिले. थोरली त्याला भेटली. पहिल्या रांगेतल्या माणसांना भेटली, दारावरच्या माणसाला भेटली. वाजवणारी कोण होती असं तिने प्रत्येकाला विचारलं. कोण म्हणजे, तुमची बहीण, असं प्रत्येक जण म्हणाला. चेहरा बघितलात का, असं विचारल्यावर प्रत्येक जण थोडा गोंधळला. हार्पआड नीट दिसत नव्हता. आणि आम्ही डोळे मिटूनच ऐकतो ना. फक्त दारावरच्या माणसाचे डोळे उघडे होते, पण त्यालाही पाठच दिसली. टाळ्या चालू असताना बाई अभिवादनाला पुढे आल्या नाहीत, म्हणाला. उठल्या त्या पाठ फिरवूनच, आणि मागच्या खोलीत गेल्या.

मंडळाने पुढचा कार्यक्रम जाहीर केला आहे. फलकावर धाकटीचं नाव आहे. ते काढा म्हणून थोरलीने समितीच्या प्रत्येक सभासदाचं दार ठोठावलं. बाईंची प्रकृती आता छान आहे, असं त्यांनी तिलाच सांगितलं. मागच्या खोलीच्या दाराला त्या रविवारपासून आतून कडी आहे. काचेवर आतून कागद चिकटवला आहे. तो कुणी चिकटवला, हे कार्यवाहांना माहीत नाही.